माटुंग्याच्या पंगतीत

महालक्ष्मी एक्सप्रेस दादरला थांबली तेव्हा सात वाजायला आले होते, पण पावसाने आभाळ इतकं भरलेलं की उजाडल्यासारखं वाटत नव्हतं. लेकीला माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, प्रवेश मिळाला होता. आमच्या पिढीच्या तोंडात ती अजून यूडीसीटीच. १९३३ साली सुरू झालेली, डॉ. रघुनाथ माशेलकर जिथे शिकले ती. फी, कागदपत्रं, वसतिगृह या सगळ्याला चार दिवस लागणार होते. बायकोच्या मामेभावाचं घर वडाळ्याला असल्यामुळे झोपण्याची सोय होती. जेवण मात्र माटुंग्यातच करायचं, हे मी कोल्हापूर सोडण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आम्हाला ती कुणी सांगितली नव्हती. माटुंग्याला तीन स्टेशनं आहेत. मध्य रेल्वेवर माटुंगा, पश्चिम रेल्वेवर माटुंगा रोड आणि हार्बर मार्गावर किंग्ज सर्कल. खायला जायचं असेल तर मध्य रेल्वेचं माटुंगा धरायचं आणि पूर्वेला उतरायचं. २०१७ पासून या स्टेशनचा सगळा कारभार महिला कर्मचारी सांभाळतात. तिकीट खिडकीपासून स्टेशन मास्तरांच्या खोलीपर्यंत बायकाच बघून लेक हरखली. आयुष्याची चार वर्षं जिथे काढायची, तिथल्या दारातच तिला बरं काहीतरी दिसलं याचा मला आनंद झाला.

बॅगा हातात घेऊनच आम्ही राम आश्रयमध्ये शिरलो. स्टेशनच्या अगदी तोंडाशी, भांडारकर रोडवर हे हॉटेल १९३९ पासून उभं आहे. पहाटे पाचला उघडतं. सातच्या सुमारासही बाहेर माणसं उभी होती. फेरफटका मारून आलेले आजोबा, कॉलेजची मुलं, रात्रपाळी संपवून परतणारे. आत चौघांच्या टेबलावर चौघं बसवतात, मग ती एकमेकांना ओळखत असोत वा नसोत. आम्ही तिघं होतो म्हणून चौथ्या खुर्चीवर एक गृहस्थ आले. वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी नुसती मान हलवली आणि कॉफी मागवली.

मी सवयीने तीन मसाला डोसे सांगितले. वेटर जरा थांबला. "मसाला डोसा तुम्हाला गावालाही मिळेल. आज पेसरट्टू आहे, तो घ्या," म्हणाला आणि भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. त्या दिवशीचे खास पदार्थ तिथे लिहिलेले होते. हा फळा रोज बदलतो.

पेसरट्टू आंध्रचा. हिरवे मूग सालासकट भिजवून वाटायचे, आलं-मिरची घालायची आणि पीठ आंबवायची वाट न बघता तव्यावर पसरायचं. डोशासारखा जाळीदार होत नाही, कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ राहतो. आत उपमा भरलेला. आधी वाटलं, उपम्यावर डोसा म्हणजे भातावर भाकरी. पण मुगाचा हिरवट वास, आल्याचा झटका आणि उपम्याचा मवाळपणा यांचं इतकं जमलं होतं की तिघांनीही बोलणं बंद केलं. मग अननसाचा शिरा आला. आपल्याकडे सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं असतं, त्यामुळे फळ घातलेला शिरा जिभेला परका नाही. इथे तेच काम अननस करतो, आणि त्याची आंबटगोड चव तुपाला जड होऊ देत नाही.

त्या वेटरच्या बोलण्याने माझे पुढचे चार दिवस ठरले. गावाला मिळतं ते इथे खायचं नाही. जे घर ज्यासाठी ओळखलं जातं तिथे तेच मागायचं. आणि प्रत्येक पदार्थाला त्याचं गाव विचारायचं.

कोल्हापूरचा असल्यामुळे मला मोडकंतोडकं कानडी येतं. संध्याकाळी दुसऱ्या एका हॉटेलात वाढणाऱ्या अण्णांना मी ऐटीत "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का, असं विचारलं. ते हसले, कानडीतच उत्तर दिलं आणि मग मराठीत म्हणाले, "आमच्या घरी तुळू बोलतात." ज्याला आपण सरसकट उडपी म्हणतो त्या माणसाची घरची भाषा कानडी नसून तुळू असू शकते, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. त्या गल्ल्यांतून नंतर कान देऊन हिंडलो. गजरेवाल्या बायका तमिळमध्ये भाव सांगत होत्या. देवळाबाहेर दोन वृद्ध मल्याळम वळणाच्या तमिळमध्ये बोलत होते. ते पालक्काडकडचे, असं मामेभावाने सांगितलं. गल्ल्यावर कोकणी, भटारखान्यातून तुळू, आणि गिऱ्हाइकांत गुजराती, कच्छी, मराठी. एवढ्या सगळ्यांना आपण एक शब्द ठेवला, "मद्रासी". अलीकडे तो "साऊथ इंडियन" झाला एवढंच.

ही वस्ती इथे कशी आली त्याचं मूळ प्लेगमध्ये आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला. दाटीवाटीच्या जुन्या शहराला मोकळी हवा हवी म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा भाग या ट्रस्टने आखून वसवला. रुंद रस्ते, झाडं, बागा आणि दुमजली-तिमजली इमारती. पुढच्या दोन-तीन दशकांत इंग्रजी आणि टायपिंग, शॉर्टहॅण्ड येणारे दक्षिणेतले तरुण रेल्वेत, बँकांत, कंपन्यांच्या कचेऱ्यांत कारकुनीला आले आणि नव्या माटुंग्यात राहिले. देवळं उभी राहिली, १९३२ मध्ये साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. बरेच तरुण एकटेच आले होते. त्यांना हॉटेलची चैन नको होती. घरच्यासारखी भात-आमटी रोज, ठरल्या वेळी, परवडेल अशी हवी होती. म्हणून इथल्या सगळ्यात जुन्या नावांत "बोर्डिंग" आणि "लंच होम" हे शब्द येतात. हे समजलं की इथल्या जेवणाचा स्वभाव कळतो. गिऱ्हाईक उद्या पुन्हा येणार आहे, महिनाभर येणार आहे, हे धरून रांधलेलं जेवण आहे ते. फार तिखट नाही, तेलकट नाही. जिभेला चटका बसायचा नाही, पण पोट कधी कुरकुरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफे मद्रासला गेलो. भाऊ दाजी रोडवर, किंग्ज सर्कलजवळ, १९४० पासून. बाहेर वहीत नाव लिहायचं आणि पुकारा होईपर्यंत फुटपाथवर थांबायचं. अर्धा तास गेला. पाऊस रिपरिपत होता, लोक छत्र्या मिटून वळचणीला उभे होते आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

बायकोने नीर दोसा मागवला. पांढराशुभ्र, जाळीदार, रुमालासारखा घडी घातलेला, सोबत गूळ-खोबरं. तिने एक तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, ही तर आमची घावनं!" ती मालवणची. तांदूळ भिजवायचा, पातळ वाटायचा, आंबवायचा नाही, तापलेल्या बिड्यावर ओतायचा. तिच्या आईची घावनं आणि हा तुळुनाडचा नीर दोसा यांच्यात नावाखेरीज काही फरक नव्हता. ती पुढे बराच वेळ बोलली नाही. सासूबाईंना जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

मी रसम वडा खाल्ला. रसम म्हणजे आपलं सार. कानडीत त्याला सारूच म्हणतात. मिरी, जिरं, चिंच, टोमॅटो आणि त्यात बुडून मऊ झालेला उडदाचा वडा. पावसात भिजून आलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं काही देता येईल असं मला वाटत नाही. लेकीने पोडी इडली घेतली. भाजलेल्या डाळी आणि मिरचीच्या कोरड्या चटणीत घोळलेली, तुपाने माखलेली. तिखटाशिवाय घास न उतरणाऱ्या कोल्हापूरकराला माटुंग्यात काय खावं असा प्रश्न पडला, तर त्याचं उत्तर पोडी आहे.

हे हॉटेल चालवणारं कुटुंब कामतांचं. नाव मद्रासचं, शैली उडुपीची आणि आडनाव कोकणी बोलणाऱ्या सारस्वतांचं. मी बाहेर येऊन रस्त्याच्या पाटीकडे बघितलं. भाऊ दाजी लाड. जन्म गोव्यातल्या मांद्र्याचा, सारस्वत, मुंबईतले नामांकित डॉक्टर आणि पुराणवस्तूंचे अभ्यासक. शेजारचा रस्ता काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा, भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारे. पलीकडचा रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा, जन्म १८३७, मालवण. बायकोने ते वाचून मान ताठ केली. गोव्यात पोर्तुगीज आल्यावर सोळाव्या शतकात कितीतरी सारस्वत कुटुंबं घरदार सोडून निघाली. त्यातली बरीच दक्षिणेला कारवार, मंगळूर, उडुपीकडे गेली आणि कामत, पै, शेणॉय झाली. उत्तरेकडे, कोकणात राहिलेली मराठीत मिसळली. चारशे वर्षांनी दोन्ही शाखा या एका चौकात पुन्हा भेटल्यात. एक पाट्यांवर आहे, दुसरी तव्यामागे. हे कुणी ठरवून केलं नसेल, पण मला त्या फुटपाथवर उभं राहून फार भरून आलं. भाद्रपदात याच किंग्ज सर्कलला जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) सेवा मंडळाचा पाच दिवसांचा गणपती बसतो आणि केळीच्या पानांवर पंगती उठतात. मराठी माणूस तिथे दर्शनाला जातो, पण प्रसादाच्या पानावर वाढलेल्या पदार्थांची नावं किती जणांनी विचारली असतील?

त्या नावांतली दोन मला इडली हाऊसमध्ये भेटली. फणसाच्या पानांचे द्रोण काड्यांनी टाचून त्यात उकडतात ते खोट्टे, आणि केवड्याच्या पानाच्या नळीत उकडतात ते मूडे. पीठ इडलीचंच. पण वाफेत पान आपला वास त्याला देतं, जसा आपल्या पातोळ्यांना हळदीच्या पानाचा लागतो. कांचीपुरम इडलीत मिरी आणि सुंठ असते, ती तमिळनाडूतल्या देवळाच्या नैवेद्याची. मी सगळ्या मागवल्या, आणि मला खोट्टे सगळ्यात आवडले.

आता रामा नायकांबद्दल. त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

माटुंगा स्टेशनसमोरच्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. उडुपीजवळच्या गावातून अकरा वर्षांचा मुलगा मुंबईत आला, स्वयंपाकघरात हाताखाली राबला आणि १९४२ मध्ये त्याने हे बोर्डिंग काढलं. तेच ए. रामा नायक. नावातला श्रीकृष्ण हा उडुपीच्या मठातला. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी तिथे कृष्णाची स्थापना केली, आठ मठ नेमले आणि पुढे दोन-दोन वर्षांच्या पाळीने पूजा आणि अन्नदान त्यांच्याकडे फिरत राहिलं. उडुपीचा स्वयंपाक त्या पाकशाळेत घडला. चातुर्मासात तिथे एक महिना भाजी वर्ज्य, एक महिना दही, एक महिना दूध, एक महिना डाळी. इतक्या बंधनांत चव राखायची म्हणजे रांधणाऱ्याचा हात केवढा तयार व्हायला हवा. उपासाची शिस्त पाळणाऱ्या मठाने अख्ख्या देशाला पोटभर खायला शिकवलं, हे मला त्या जिन्यात रांगेत उभं असताना जाणवलं.

केळीचं पान मांडलं गेलं. पाणी शिंपडून पुसलं. चटणी, कोशिंबीर, दोन भाज्या, पुऱ्या, मग भाताचा डोंगर. वाढपी लगबगीने फिरत होते, पण कुणाच्याही पानावर आमटी ओतताना हात उंच जात नव्हता, थेंब उडत नव्हता. भातावर आधी सांबार, मग रसम, शेवटी ताक. क्रम चुकवला तर वाढणारा आधी एक क्षण थांबतो, नजरेनेच विचारतो. सांबार पातळ, हलकं, कुळागरातल्या नारळाची आठवण देणारं. त्या दिवशी पायसम होतं. नको म्हटल्यावरही डाव पुढे येतो, आणि दोन्ही हात पानावर आडवे धरल्याशिवाय माघारी जात नाही.

कोल्हापुरात आम्ही पंगतीला बसणारी माणसं. पण लग्नातली पंगतसुद्धा आता संपली, ताट हातात घेऊन उभ्याने जेवायची वेळ आली. रामा नायकांकडे माझ्या डावीकडे कुरिअरचा पोरगा होता, हेल्मेट पायाशी ठेवलेला. समोर इस्त्रीच्या शर्टातले साहेब. पुढे एक आजी, नातवाला भात कालवून भरवणाऱ्या. सगळ्यांपुढे तेच पान, तोच भात, हवा तेवढा. शहरात हवं तेवढं अन्न मांडणारी जागा आता सापडणं अवघड झालं आहे. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब होतो, तिथे गेली ऐंशी वर्षं हे चाललं आहे. या शहरात मला एकच जेवण मिळणार असेल तर मी ते इथे मागेन.

जेवून उतरताना मात्र एक गोष्ट मनाला टोचत राहिली. १९६० च्या दशकाच्या अखेरीला याच मुंबईत दक्षिणेतल्या माणसांविरुद्ध आंदोलनं झाली, उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता, मराठी तरुणाची घुसमट खरी होती. पण दगड पडला तो पहाटे उठून आपल्यासाठी चटणी वाटणाऱ्यावर. माझ्या वडिलांच्या कोल्हापुरातल्या ओळखीच्या चौकात एक उडप्याचं हॉटेल होतं. तीस वर्षं आम्ही तिथे चहा प्यायलो. मालकाला सगळा गाव अण्णा म्हणे, माघारी मद्राशी म्हणे. माझ्या बारावीच्या निकालाला त्यांनी म्हैसूरपाक दिला होता. पुढे हॉटेल बंद झालं, तिथे मोबाईलचं दुकान आलं. अण्णा गावी गेले म्हणतात. कोणत्या गावी, कुणालाच सांगता येत नाही. त्यांचं नावही मला माहीत नाही.

राहिलेल्या दिवसांत जे खाल्लं ते थोडक्यात. किंग्ज सर्कलला कूलर अँड कंपनी हा इराणी आहे, कोपऱ्यावरचा, जुन्या लाकडी खुर्च्यांचा. तीन दिवस इडली-डोसा खाल्लेल्या माझ्यासारख्याने तिथे जाऊन खिमा-पाव आणि ब्रून मस्का जरूर खावा. शारदा भवनाची कॉफी स्टेशनसमोरच मिळते. म्हैसूर कॅफे या सगळ्यांत जुन्यांपैकी, १९३६ चा. आयसीटीची मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिथे जातात, म्हणून लेकीचं खातं तिथेच सुरू करून दिलं, असं म्हणायला हरकत नाही.

शेवटच्या संध्याकाळी मंडईतून चक्कर मारली. केळफूल, शेवगा, कच्ची केळी, कोहळ्याच्या फोडी, मायाळूच्या जुड्या, गुंडाळून ठेवलेली केळीची पानं. बायकोने अबोली आणि जाईचा गजरा घेतला. पलीकडे कॉफी भाजल्याचा वास येत होता. मायसोर कन्सर्न्समध्ये बिया समोर दळून देतात. चिकोरी किती घालायची ते आधी विचारतात. चिकोरीने कॉफीला गडद रंग आणि जाडी येते, जास्त झाली की कडवट होते. आम्ही कमी सांगितली. दुकानदाराने फिल्टर कसा भरायचा ते लेकीला समजावलं. पावडर हलक्या हाताने दाबायची, उकळतं पाणी थोडं थोडं ओतायचं आणि अर्क उतरेपर्यंत झाकण उघडायचं नाही. तिने वसतिगृहासाठी पितळेचा छोटा फिल्टर घेतला.

माटुंग्याला जाल तेव्हा सोमवार टाळा. कॅफे मद्रास आणि रामा नायक दोन्ही सोमवारी बंद असतात. पहिल्या दिवशी मसाला डोसा मागवू नका. आणि वाढणाऱ्याला त्याचं नाव-गाव विचारायला विसरू नका.